वाट मोकळी करण्याचे शास्त्र
(अवयव-वाहतुकीच्या अभ्यासाची प्रस्तावना)

बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा महामार्ग सुमारे 130 किलोमीटरांचा आहे आणि तेवढ्या अंतरात चार पोलीस नियंत्रण कक्षांच्या हद्दी लागतात. गेवराई मागे पडेपर्यंत बीड जिल्हा. गोदावरीचा पूल ओलांडून शहागडला पोचलो की जालना. पुढे पाचोडचा भाग छत्रपती संभाजीनगर ग्रामीणचा आणि सगळ्यात शेवटी शहराचे आयुक्तालय. रोजच्या प्रवाशाला या रेषा कधी दिसत नाहीत. त्याला पाडळशिंगीचा टोलनाका दिसतो, गढीच्या फाट्यावरची गर्दी दिसते. पण रुग्णवाहिकेत बर्फाची पेटी असेल, पेटीत कुणाचे तरी यकृत असेल आणि दूरच्या शस्त्रक्रियागृहात कुणी तरी भूल घेऊन पडले असेल, तर गाडीच्या इंजिनापेक्षा या रेषांवर काय होते ते जास्त महत्त्वाचे ठरते. एका जिल्ह्याची पायलट गाडी जिथे थांबते तिथे दुसऱ्या जिल्ह्याची गाडी तोंड वळवून, इंजिन चालू ठेवून उभी आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवर दहा मिनिटे मिळतात किंवा जातात.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना ही पहिली गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेकांच्या मनात या विषयाचे चित्र सिनेमाने काढलेले असते. 2011 मध्ये ‘ट्रॅफिक’ हा मल्याळम चित्रपट आला आणि 2016 मध्ये त्याच नावाने त्याची हिंदी आवृत्ती आली. हिंदीत रस्ता मुंबई-पुण्याचा आहे आणि हृदय घेऊन निघालेला वाहतूक पोलीस मनोज बाजपेयींनी रंगवला आहे. चित्रपट चांगला खिळवून ठेवतो. पण पडद्याला एक नायक लागतो, एक स्टिअरिंग लागते. प्रत्यक्षात अशा एका फेरीमागे शंभरेक माणसे असतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती गाडी फक्त काही सेकंद पाहिलेली असते. वेग रस्त्यावर दिसतो खरा, पण तो रस्त्याआधी, कागदावर आणि फोनवर तयार झालेला असतो. अवयव-वाहतूक या अभ्यासक्षेत्राचा कणा हाच आहे.

अंतर आले कुठून?

प्रत्यारोपणाच्या पहिल्या काळात रस्त्याचा प्रश्न नव्हताच. केपटाउनला डिसेंबर 1967 मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तोच प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला, पण जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत मुंबईचे नाव लागले. त्या काळी दाता आणि रुग्ण एकाच इमारतीत असत. अंतर असे ते दोन टेबलांमधले.

पुढे तीन गोष्टींनी हे अंतर वाढवले. पहिली बर्फ. अवयव चार अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवला की त्याच्या पेशींचा ऊर्जेचा खर्च नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. 1980 च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी बनवलेल्या द्रावणाने यकृत आणि मूत्रपिंड टिकवण्याची मुदत आणखी लांबवली. दुसरी गोष्ट कायदा. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा फेब्रुवारी 1995 पासून लागू झाला आणि तो सुरुवातीला स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश होते. या कायद्याने मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली. हृदय धडधडत असताना, कृत्रिम श्वासावर असलेल्या माणसाच्या नातेवाइकांना अवयवदानाचा निर्णय घेता येऊ लागला.

तिसरी गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. ती म्हणजे प्रतीक्षा यादी. अवयव कुणाला द्यायचा हे दात्याच्या रुग्णालयाने किंवा ओळखीपाळखीने ठरवायचे नाही, तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीप्रमाणे ठरवायचे, हा नियम आला. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी केंद्रे आहेत आणि के. ई. एम. रुग्णालयात प्रादेशिक व राज्य पातळीवरची संस्था आहे. यादी आली की अवयव जवळच्या माणसाकडे न जाता हक्काच्या माणसाकडे जातो, आणि हक्काचा माणूस पलीकडच्या जिल्ह्यात असू शकतो, शेजारच्या राज्यातही असू शकतो. म्हणजे पोलिसांची पायलट गाडी ज्या अंतरावरून धावते, त्यातले बरेचसे अंतर न्यायाने निर्माण केलेले आहे. वाटप जितके निष्पक्ष, तितका रस्ता लांब. या क्षेत्राच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवले, तर वेगाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलते. गाडी यासाठी धावते, की यादीतल्या क्रमाला भूगोलाने हरवू नये.

घड्याळ

प्रत्येक अवयवाचे घड्याळ वेगळे आहे. हृदयासाठी साधारण चार ते सहा तास आणि फुप्फुसांनाही फारसा जास्त वेळ नाही. यकृताला आठ ते बारा तास मिळतात. मूत्रपिंड चोवीस तास, काही वेळा त्याहून अधिक टिकते. बुबुळांचा हिशेब निराळाच आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढून घेतले की नेत्रपेढीत ते काही दिवस राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सायरनची गरज पडत नाही.

हे आकडे वाचताना नवखा अभ्यासक एक चूक हमखास करतो. तो चार तास म्हणजे चार तासांचा प्रवास समजतो. घड्याळ सुरू होते ते दात्याच्या शरीरातला रक्तपुरवठा बंद होतो त्या क्षणी, आणि थांबते ते रुग्णाच्या शरीरात त्या अवयवातून रक्त पुन्हा वाहू लागते तेव्हा. हृदय काढणे, तपासणे, पिशव्यांत बांधून पेटीत ठेवणे, शस्त्रक्रियागृहातून गाडीपर्यंत आणणे, हे सगळे त्यातच आले. रुग्णाच्या छातीत ते शिवायला साधारण तासभर लागतो, तोही त्यातच. चार तासांतून एवढे वजा केले की प्रवासाला अडीच तासांच्या आसपास उरतात.

आता हा हिशेब बीडवर ठेवून पाहू. बीडपासून चिकलठाणा विमानतळ ताशी 80 किलोमीटरच्या सरासरीने दीड तासाहून थोडा अधिक दूर. तिथून मुंबईचे उड्डाण पाऊण तासाचे धरू. धावपट्टीवरची चढउतार आणि मुंबईतला रस्ता अजून बाकीच आहे. हृदयासाठी हे गणित जवळजवळ तुटते, यकृतासाठी ते सहज बसते आणि मूत्रपिंडासाठी तर घाई नसल्यासारखे वाटते. कोणता अवयव कुठून कुठे जाऊ शकतो याचा नकाशा असा मिनिटांत काढावा लागतो. किलोमीटरांचा नकाशा इथे फसवतो.

वेगाचे उणे-अधिक

आणखी एक आकडेमोड वाचकाने स्वतः करून पाहावी, कारण त्यातून या क्षेत्रातला बराच गैरसमज गळून पडतो. 130 किलोमीटर अंतराला ताशी 60 च्या सरासरीने 130 मिनिटे लागतात. सरासरी 80 केली की साडेसत्त्याण्णव मिनिटे. 100 केली की 78, आणि 120 केली की 65. म्हणजे पहिल्या वीस किलोमीटरच्या वाढीने साडेबत्तीस मिनिटे वाचली, दुसऱ्या वाढीने साडेएकोणीस आणि तिसऱ्या वाढीने फक्त तेरा. मिळकत घटत जाते आणि धोका चढत जातो. कोरड्या रस्त्यावर चालकाला भान यायला एक सेकंद धरला आणि ब्रेक चांगले धरले, तरी ताशी 80 वरून गाडी थांबायला सुमारे 57 मीटर लागतात आणि 120 वरून सुमारे 113 मीटर. वेग दीडपट आणि थांबायचे अंतर दुप्पट.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. वाटेत दोन-दोन मिनिटांचे सहा थांबे असले, तर बारा मिनिटे गेली. म्हणजे एक टोलनाका, दोन फाटे, एक बाजारपेठ, एक बंद पडलेला ट्रक आणि शहराच्या तोंडाशी एक सिग्नल एवढे मोकळे करून दिले, तर ताशी 100 चे 120 केल्याने वाचतो जवळपास तेवढाच वेळ वाचतो, तोही कुणाचा जीव टांगणीला न लावता. अनुभवी वाहतूक अधिकारी चालकाला “मार” असे सांगत नाहीत. “कुठे थांबायला लागणार नाही, एकसारखी ठेव,” असे सांगतात. पेटीतल्या अवयवालाही धक्के आणि करकचून दाबलेले ब्रेक नको असतात आणि मागे बसलेल्या डॉक्टरांनाही.

जगभरात गाजलेल्या फेऱ्या याच फूटपट्टीने मोजून पाहाव्यात. 8 मे 1987 रोजी लंडनच्या महानगर पोलिसांनी स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरलेले यकृत केन्सिंग्टनच्या क्रॉमवेल रुग्णालयात पोचवले. 27 मैल अंतर, म्हणजे सुमारे 43 किलोमीटर, त्यांनी रोव्हर गाड्यांतून सुमारे अर्ध्या तासात कापले. गाडीतून टिपलेली त्याची चित्रफीत आजही पाहिली जाते आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सरासरी काढली तर ती ताशी 90 च्याही आतच भरते. पराक्रम सर्वोच्च वेगात नव्हता. लंडनच्या भर गर्दीत चौकामागून चौक मोकळे मिळत गेले, यात होता. 2008 मध्ये चेन्नईत तेनामपेटहून मोगप्पैरच्या रुग्णालयात एका लहान मुलीसाठी हृदय सुमारे 11 मिनिटांत पोचले. एरवी पाऊण तास खाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांनी ती वाट केली होती. वर उल्लेख केलेल्या चित्रपटांचे बीज याच घटनेत आहे, आणि तमिळनाडूच्या अवयवदान कार्यक्रमाला त्यातून मोठे बळ मिळाले.

इटलीचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी अभ्यासावे. तिथल्या पोलिसांकडे पुढच्या बाजूला शीतपेटीची सोय असलेली लॅम्बोर्गिनी आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने पादुआहून रोमला, म्हणजे जवळपास 490 किलोमीटर, दोन तासांच्या आसपास एक मूत्रपिंड नेले. बातमी जगभर झाली. पण मूत्रपिंडाचे घड्याळ आपण पाहिलेच आहे. त्याला ताशी 230 च्या सरासरीची गरज किती होती आणि त्या गाडीने अवयवदानाचा जो गाजावाजा झाला त्याची किंमत किती धरायची, हा अभ्यासवर्गात वादाला घालण्याजोगा प्रश्न आहे. थंड अवस्थेतला प्रत्येक तास कमी केलेला बरा, हे मूत्रपिंडाबाबतही खरे आहे. तरीही प्रत्येक अवयवाला सारखीच घाई लावणे म्हणजे घड्याळ न वाचता सायरन वाजवणे होय.

रस्त्यालाच चिकटून राहायचे कारणही नाही. जुलै 2015 मध्ये केरळात नौदलाच्या डॉर्नियर विमानाने तिरुवनंतपुरमहून कोचीला हृदय नेले. हैदराबादेत फेब्रुवारी 2021 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये हृदय मेट्रो गाडीने गेले आणि मधल्या स्थानकांवर गाडी थांबली नाही. तत्त्व तेच, फक्त रूळ वेगळे.

महाराष्ट्राची वाट

भारतातले पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण 3 ऑगस्ट 1994 रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. तोच दिवस आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात. योगायोग असा, की मुंबईत कित्येक दशकांच्या खंडानंतर हृदय-प्रत्यारोपण झाले ते 3 ऑगस्ट 2015 रोजी. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी ते केले आणि हृदय आले होते पुण्याहून. दोन शहरांच्या वाहतूक पोलिसांनी दोन्हीकडचे रस्ते मोकळे केले, मधला टप्पा विमानाने झाला. काही महिन्यांतच, जानेवारी 2016 मध्ये, औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाड्यातले हृदय मुंबईला गेले आणि रुग्णालयापासून चिकलठाण्यापर्यंतचा रस्ता पोलिसांनी धरला. त्या दिवसापासून हा विषय मराठवाड्याचाही झाला.

इटलीत पोलीस स्वतः पेटी वाहतात. आपल्याकडे बहुधा पेटी आणि डॉक्टर रुग्णवाहिकेत असतात आणि पोलिसांची पायलट गाडी पुढे चालते. त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासात दोन चालक येतात आणि त्यांचा एकमेकांशी ताळमेळ हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय होतो. पायलट गाडी फार पुढे गेली, तर तिने फोडलेली वाट रुग्णवाहिका येईपर्यंत पुन्हा भरते. फार जवळ राहिली, तर पुढच्याने अचानक ब्रेक लावला की मागचा त्याच्यावर आदळतो.

आधीचे पोलीस काम

सायरन वाजण्याआधी पोलिसांचे एक काम झालेले असते आणि त्याची बातमी कधी होत नाही. मेंदूमृत्यू झालेल्यांत डोक्याला मार लागलेले अपघातग्रस्त पुष्कळ असतात. अपघात म्हटला की प्रकरण वैद्यकीय-न्यायिक झाले, पंचनामा आला, शवविच्छेदन आले. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करायचा. त्यात कृत्रिम श्वास थांबवून स्वतःचा श्वास उरला आहे का हे पाहण्याची चाचणीही येते. त्यानंतर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. 2014 च्या नियमांनुसार रुग्णालयाने संबंधित ठाणेदाराला, पोलीस अधीक्षकांना किंवा उपमहानिरीक्षकांना कळवायचे आणि पोलिसांनी अवयव वेळेत निघतील असे पाहायचे. मृत्यूचे कारण ठरवण्यात अडथळा येणार नाही, एवढी अट त्याला आहे. नोव्हेंबर 2021 पासून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्राने मुभा दिली आणि त्यात अवयवदानाला प्राधान्य सांगितले. तोवर रात्रीची वेळ हा या प्रक्रियेतला मोठा खड्डा होता.

ज्या ठाण्याच्या अंमलदाराला हा क्रम ठाऊक असतो, तो रात्री दोन वाजता वेळेवर कागद पुरे करून देतो. ज्याला नसतो, तो सकाळी साहेबांना विचारू म्हणतो. महामार्गावर कितीही वेगाने गेले तरी त्या रात्रीतले तास भरून निघत नाहीत. म्हणून चालकाच्या प्रशिक्षणाइतकेच ठाणे अंमलदाराचे प्रशिक्षण हा या क्षेत्राचा विषय आहे.

मग येते वाट आखण्याचे काम. समन्वय केंद्राकडून निघण्याची अंदाजे वेळ कळते आणि ती नेहमी बदलते, कारण शस्त्रक्रिया घड्याळ लावून संपत नाही. नियंत्रण कक्ष मार्ग ठरवतो, पर्यायी मार्ग ठरवतो, प्रत्येक पॉइंटला माणूस नेमतो, टोलनाक्याला एक मार्गिका राखून ठेवायला सांगतो आणि पुढच्या जिल्ह्याच्या कक्षाला फोन करतो. वाहतूक आधीच थांबवली तर रांगा साचतात आणि लोक वैतागून मध्ये घुसतात. उशिरा थांबवली तर रस्ता रिकामा होत नाही. गाडी मागच्या पॉइंटवरून सुटल्याचा वायरलेस संदेश आला की पुढच्या पॉइंटने हात आडवा करायचा, ही साधी वाटणारी रीतच सगळ्यांत अचूक ठरते. चौकात उभ्या असलेल्या शिपायाचे काम दीड मिनिटाचे. त्या दीड मिनिटासाठी तो दीड तास तिथे उभा असतो.

बीडचा रस्ता

प्रत्येक जिल्ह्याने ही रीत आपल्या रस्त्यावर ठेवून तपासावी लागते. बीडमध्ये बालाघाटाची रांग जिल्ह्याला दुभागते. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून बीड-गेवराई-छत्रपती संभाजीनगर हा प्रवास पूर्वीपेक्षा सरळ झाला आहे. पण तो महामार्ग म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला आहे. तिथून बीडला यायचे तर केज, नेकनूर, मांजरसुंबा असा रस्ता. लातूर त्यापेक्षा जवळ. धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा. घाटात पायलट गाडीचा उपयोग वेगासाठी नसतो. समोरून येणारी अवजड वाहने वर किंवा खाली आधीच रोखून धरणे, हेच तिचे काम.

त्यात हंगाम. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवे नाहीत, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, आणि ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांत सायरन विरून जातो. गढीजवळ, जिथे कल्याण-निर्मल महामार्ग येऊन मिळतो, तिथे साखर कारखानाही आहे. हंगामात रात्री या पट्ट्यातून वाट काढायची, तर पोलिसांनी कारखान्याच्या शेतकी विभागाला आणि वाहनतळाला आधी फोन करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. अर्धा तास ट्रॅक्टर आवारात थांबले, तर कुणाचे काही बिघडत नाही. ज्या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या जिल्ह्याच्या वाहतूक आराखड्यात हंगामाचे पान वेगळे असायला हवे. मुंबई-पुण्याच्या अनुभवावर लिहिलेल्या मार्गदर्शिकेत ते सापडणार नाही. असे स्थानिक ज्ञान इथल्याच हवालदारांकडे, रुग्णवाहिकांच्या चालकांकडे आणि मुकादमांकडे आहे आणि ते लिहून काढणे हे या क्षेत्रातले पहिल्या प्रतीचे संशोधन ठरेल.

अधिकार आणि जबाबदारी

आणीबाणीच्या वाहनाला सिग्नल ओलांडण्याची, वेगमर्यादा सोडण्याची मुभा आहे. 2017 ची वाहनचालन नियमावली ती देते, पण पुरेशी काळजी आणि जबाबदारी या अटीवर. निळा-लाल दिवा लावला म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा पुसला जात नाही. दुसऱ्या बाजूला, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194-इ आले. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याने अशी दोघांवर जबाबदारी टाकली आहे, धावणाऱ्यावरही आणि बाजूला होणाऱ्यावरही.

या क्षेत्राची नीतिशास्त्रीय बाजू इथून सुरू होते. वाट मोकळी करायची म्हणजे कुणाची तरी वाट अडवायची. अडवलेल्यांत परीक्षेला निघालेली मुलगी असते, बाजाराला निघालेला भाजीवाला असतो, आणि एखादी दुसरी रुग्णवाहिकाही असते. अडवलेल्या रांगेतली रुग्णवाहिका आधी सोडायची, हे प्रत्येक पॉइंटवरच्या शिपायाला तोंडपाठ असले पाहिजे.

आणि हीच गोष्ट आपल्याला या क्षेत्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे नेते. मेंदूमृत्यू जाहीर करण्याची, अवयव टिकवून ठेवण्याची सोय बहुतांशी मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत आहे. म्हणून बीड जिल्ह्यातला गंभीर जखमी माणूस आधी छत्रपती संभाजीनगरला, लातूरला किंवा पुण्याला जातो. तो जातो तेव्हा त्याच्यासाठी कुणी चौक मोकळा करत नाही. रुग्णवाहिका टोलच्या रांगेत थांबते, ट्रॅक्टरमागे रखडते. पुढे त्याच माणसाचा मेंदू मृत झाला आणि नातेवाइकांनी मोठ्या मनाने होकार दिला, तर त्याच्या हृदयासाठी तेच रस्ते रिकामे होतात. ही विसंगती बोचणारी आहे आणि ती टाळून या विषयावर लिहिता येणार नाही.

तिला उत्तर म्हणून कुणी अवयवांसाठीची वाट बंद करा म्हणेल, तर ते उलटे होईल. कायद्याने स्वतःच जखमीसाठी पहिल्या तासाची व्याख्या केली आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 पासून ‘गोल्डन अवर’ म्हणजे गंभीर इजेनंतरचा एक तास, असे नोंदलेले आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण देणारे कलमही त्याच दुरुस्तीत आले, आणि मे 2025 पासून अपघातग्रस्तावर दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना आहे. म्हणजे हृदयाला चार तास असतील, तर जखमीला एकच तास आहे. अवयवासाठी वाट करताना जिल्हा जे शिकतो, ते सगळे या एका तासाला लागू पडते. फोनचा क्रम, हद्दीवरची अदलाबदल, टोलची राखीव मार्गिका, हंगामाचा आराखडा हे एकदा बसले की रोज वापरता येते. प्रत्येक जखमीसाठी शंभर माणसे उभी करता येणार नाहीत हे उघड आहे. पण टोलची मार्गिका आणि पुढच्या जिल्ह्याला केलेला एक फोन यांना शंभर माणसे लागत नाहीत. अवयव-वाहतुकीचे खरे मोल मला इथे दिसते. आपल्याच रस्त्यांची क्षमता किती आहे, हे जिल्ह्याला दाखवून देणारा तो प्रयोग आहे. एका रात्री जे जमले ते इतर रात्री का जमत नाही, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

या क्षेत्रात कसे यावे

या अभ्यासाला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. ठाण्याची दैनंदिनी, नियंत्रण कक्षातल्या वायरलेस नोंदी, रुग्णवाहिकेच्या जीपीएसच्या खुणा, टोलनाक्यावरच्या फास्टॅगच्या वेळा, शस्त्रक्रियागृहातल्या नोंदवहीतली मिनिटे, या पाच ठिकाणच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की एका फेरीचा पूर्ण इतिहास उभा राहतो. स्थापत्य अभियंत्याला त्यात फाट्यांची रचना दिसेल, परिचारिकेला पेटी भरण्याच्या पद्धतीतली गळती, कायद्याच्या विद्यार्थ्याला संमती आणि पंचनामा यांच्यातला वेळ, आणि पोलिसाला आपल्याच सहकाऱ्यांची न गाजलेली हुशारी. नातेवाइकांशी बोलणारा समन्वयक या सगळ्यांच्या आधी असतो. त्याच्या कामाला घाई चालत नाही, म्हणून ती घाई नंतर इतरांना करावी लागते.

सुरुवात कुठून करायची, असे विचारणाऱ्या वाचकाला एकच सांगणे आहे. अवयवाच्या फेरीची वाट पाहू नका. तशी संधी जिल्ह्यात क्वचित येते. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची एखादी नेहमीची फेरी घ्या, अंबाजोगाईहून लातूरला किंवा बीडहून छत्रपती संभाजीनगरला. संबंधितांची रीतसर परवानगी काढा, रुग्णाचे नाव-गाव कुठेही नोंदवू नका. फोन आल्याची वेळ, गाडी सुटल्याची, रुग्ण आत घेतल्याची, प्रत्येक थांब्याची आणि त्याच्या कारणाची, रुग्णालयाच्या दारात पोचल्याची आणि डॉक्टरांनी ताब्यात घेतल्याची वेळ लिहा. मग त्या कागदावर ज्या मिनिटांत गाडी चालत होती ती एका रंगाने आणि ज्यांत ती थांबलेली होती ती दुसऱ्या रंगाने रंगवा. दुसऱ्या रंगाची जी मिनिटे एका फोनने वाचली असती, त्यांच्यासमोर तो फोन कुणी कुणाला करायचा हे लिहा आणि तो कागद जिल्ह्याच्या वाहतूक शाखेकडे नेऊन द्या. तुमचा पहिला शोधनिबंध तिथे तयार झालेला असेल.